वाहनस्थ भ्रमणध्वनी तंत्रज्ञान आणि मालवाहतूक व्यवसाय : सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मालट्रकमध्ये बसविलेले जीपीएस यंत्र आणि चालकाजवळील भ्रमणध्वनी यांमुळे धावत्या वाहनाशी अखंड संपर्क ठेवणे शक्य झाले आहे. तथापि, वाहन कोठे आहे हे मालकाला कळणे आणि मालक व चालक यांच्यात उपयुक्त संवाद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात या तंत्रज्ञानाची वाटचाल, कार्यपद्धती, आर्थिक उपयोग, रस्ता सुरक्षेवरील परिणाम आणि चालकाच्या हक्कांचा प्रश्न यांचे सोलापूरच्या मालवाहतुकीच्या संदर्भात विवेचन केले आहे. या तंत्रज्ञानाचा खरा लाभ वेग वाढविण्यात नसून थांबलेला वेळ कमी करण्यात आहे, आणि त्याचा मुख्य धोका धावत्या वाहनात उत्तराची अपेक्षा करण्यात आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मालवाहतूक, वाहन स्थाननिश्चिती, ई-वे बिल, चालकाचे लक्ष, कामाचे तास, खाजगीपणा.

१. प्रस्तावना

वाहतूक हा व्यापाराचा कणा मानला जातो. परंतु वाहतुकीचा अभ्यास करताना रस्ते, वाहने आणि इंधन यांचा जितका विचार होतो तितका संपर्काचा होत नाही. माल भरून गाडी निघाली की ती पोहोचेपर्यंत मालक, माल पाठविणारा व्यापारी आणि माल घेणारा व्यापारी हे तिघेही तिच्याविषयी अनभिज्ञ असत, ही स्थिती फार जुनी नाही. गेल्या तीन दशकांत ती पूर्णतः पालटली. आज गाडी कोणत्या टोलनाक्यावर आहे, किती वेळ उभी आहे, कोणत्या वेगाने धावत आहे, याची माहिती मालकाच्या हातातील फोनवर दिसते.

या बदलाचे वर्णन बहुधा ‘पारदर्शकता’ आणि ‘कार्यक्षमता’ या शब्दांनी केले जाते. ते चुकीचे नाही, मात्र अपुरे आहे. ज्या वाहनात हे यंत्र बसते त्या वाहनात एक मनुष्यही बसलेला असतो. त्याला या यंत्रापासून काय मिळते आणि त्याच्याकडून काय घेतले जाते, हा प्रश्न विचारल्याशिवाय तंत्रज्ञानाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. महामार्गांच्या संगमावर वसलेले आणि लहान वाहनमालकांचा मोठा वर्ग असलेले सोलापूर शहर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते.

२. सोलापूरच्या मालवाहतुकीचे स्वरूप

सोलापूर हे दख्खनच्या पठारावरील पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन्ही दिशांच्या मार्गांचे मीलनस्थान आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद-मछलीपट्टणम हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होय. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो ६५ या क्रमांकाने ओळखला जातो. धुळ्याकडून येणारा पूर्वीचा २११ आणि विजयपूरकडे जाणारा पूर्वीचा १३ हे मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ५२ चे भाग आहेत. पुणे सुमारे २५० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००, विजयपूर सुमारे १०० आणि मुंबई सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे शहरातून निघणारा माल जसा आहे तसाच शहरावरून जाणारा मालही मोठा आहे.

मालाचे स्वरूपही विविध आहे. भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर व टॉवेल, परिसरातील कारखान्यांचे सिमेंट, साखर, डाळिंब, आणि हिवाळ्यात सोलापूर कृषी उत्पन्न बाजार समितीत मोठ्या प्रमाणावर येणारा कांदा यांच्या वाहतुकीच्या गरजा एकसारख्या नाहीत. चादरीचा गठ्ठा एक दिवस उशिरा पोहोचला तरी त्याच्या गुणवत्तेत फरक पडत नाही. कांदा व डाळिंब मात्र ताडपत्रीखाली फार काळ राहू शकत नाहीत. तोडलेल्या उसाची तर गोष्टच वेगळी. तोडणी आणि गाळप यांतील अंतर वाढत जाते तसा साखरेचा उतारा घटत जातो. कारखान्याच्या आवारात उसाच्या वाहनांची रांग लागते तेव्हा चालकाचा आणि वाहनाचा वेळ तर जातोच, शिवाय उसातील साखरही कमी होते.

व्यवसायाची रचनाही लक्षात घेणे आवश्यक आहे. देशातील इतर भागांप्रमाणे येथेही मालवाहतुकीचा मोठा भार एक-दोन किंवा चार-पाच गाड्या असलेल्या मालकांवर आहे. मालक आणि माल पाठविणारा यांच्यामध्ये ट्रान्सपोर्ट कार्यालय अथवा दलाल असतो. बिल्टी एकाच्या नावे, गाडी दुसऱ्याची आणि माल तिसऱ्याचा, अशी स्थिती सर्रास आढळते. या साखळीत माहिती अनेक हातांतून जाते आणि प्रत्येक हातात थोडी अडते. गाडी भरण्यास सकाळी बोलावली जाते आणि माल सायंकाळी तयार होतो, याचे कारण बहुधा रस्ता नसतो. वेळेवर न मिळालेला निरोप हे त्याचे कारण असते.

३. संपर्क साधनांची वाटचाल

भ्रमणध्वनीपूर्व काळात लांब पल्ल्याच्या चालकाशी संपर्काचे साधन म्हणजे प्रथम ट्रंक कॉल आणि पुढे एसटीडी बूथ. मुक्कामी पोहोचल्यावर चालकाने फोन करावा आणि मालकाने पुढील सूचना द्यावी, अशी पद्धत होती. संपर्काचा पुढाकार चालकाकडे होता; मालकाला इच्छा असूनही धावत्या गाडीशी बोलता येत नव्हते. परतीचे भाडे ठरविणे, बिघाड कळविणे, पैशांची मागणी करणे ही सर्व कामे चालकाच्या एका फोनवर अवलंबून असत.

याच काळात अमेरिकेत निराळा मार्ग अवलंबिला गेला. क्वालकॉम या कंपनीने १९८८ मध्ये ‘ऑम्नीट्रॅक्स’ ही उपग्रहाधारित प्रणाली व्यवहारात आणली आणि श्नायडर नॅशनल या मोठ्या वाहतूक कंपनीने ती स्वीकारली. ट्रकच्या केबिनमध्ये लहान पडदा व कळफलक असे; कार्यालय आणि चालक यांच्यात लेखी संदेशांची देवाणघेवाण होई. नेहमीच्या संदेशांसाठी पूर्वनिश्चित साचे होते. म्हणजेच, वाहनाचे स्थान आणि चालकाचे म्हणणे या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रातून जात होत्या. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण भारतात या दोन गोष्टी पुढे परस्परांपासून अलग झाल्या.

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ १९९५ मध्ये झाला. आरंभीचे दर चालकांना परवडणारे नव्हते. येणाऱ्या फोनचे शुल्क २००३ मध्ये बंद झाल्यानंतर मात्र फोन चालकांच्या खिशात आला. दुसरीकडे, मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी दूर केली आणि नागरी वापरासाठी स्थाननिश्चिती विश्वसनीय झाली. भारताच्या इस्रोने आपल्या प्रादेशिक दिशादर्शन प्रणालीचा सातवा उपग्रह एप्रिल २०१६ मध्ये अवकाशात पाठविला. ही प्रणाली ‘नाविक’ या नावाने ओळखली जाते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्याने स्मार्टफोन, व्हॉट्सॲपवरील भाड्याचे गट आणि मालकाच्या फोनवर गाडीचा नकाशा या गोष्टी लहान मालकांपर्यंत पोहोचल्या. टाटा मोटर्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘फ्लीट एज’सारख्या प्रणालींमुळे नव्या वाहनांत हे यंत्र कारखान्यातूनच बसून येऊ लागले.

परिणामी आज एकाच केबिनमध्ये दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत. बसविलेले यंत्र मालकाशी बोलते, पण चालकाशी बोलत नाही. चालकाचा फोन सर्वांशी बोलतो, पण त्याची नोंद कोठेही राहत नाही. पुढील विवेचनाचा हाच मूळ मुद्दा आहे.

४. यंत्रणेची कार्यपद्धती

वाहनस्थ यंत्राचे प्रमुख भाग तीन. पहिला भाग उपग्रहांचे संकेत ग्रहण करतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाल्यास स्थान निश्चित करता येते. दुसरा भाग म्हणजे सिम कार्ड असलेला मोडेम. तो ठरावीक कालावधीने स्थान, वेग, दिशा आणि वेळ यांची माहिती भ्रमणध्वनी जाळ्यामार्फत सर्व्हरकडे पाठवितो. जेथे जाळे उपलब्ध नसते तेथे माहिती यंत्राच्या स्मृतीत साठते आणि संपर्क पुन्हा प्रस्थापित होताच पुढे जाते. त्यामुळे पडद्यावर गाडी ‘गायब’ दिसणे आणि गाडी खरोखरच थांबणे यांत फरक करणे आवश्यक असते. तिसरा भाग वाहनाच्या अंतर्गत विद्युत जाळ्याशी जोडलेला असतो आणि इंजिनाची गती, इंधनाचा वापर, बिघाडाचे संकेत इत्यादी वाचतो.

सर्व्हरवर नकाशावरील विशिष्ट क्षेत्राभोवती काल्पनिक सीमारेषा आखता येते. कारखान्याचे आवार, बाजार समिती, गोदाम यांभोवती अशी रेषा आखली की गाडी आत केव्हा आली आणि बाहेर केव्हा पडली याची नोंद आपोआप होते.

यंत्राच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. डिझेल टाकीतील पातळीमापक चढ-उतारावर आणि खडबडीत रस्त्यावर चुकीचे आकडे देऊ शकतो. अशा आकड्यांवरून चालकावर डिझेलचोरीचा आळ घेणे अन्यायाचे ठरते. टाकी सपाट जागी, गाडी थांबलेली असताना घेतलेल्या नोंदीच तुलनेस ग्राह्य मानाव्यात.

शासनाने या यंत्रांसाठी ‘एआयएस १४०’ हे मानक निश्चित केले आहे. त्यात नाविक प्रणालीचा आधार, आणीबाणीची कळ आणि मुख्य विद्युतपुरवठा तुटल्यास काही तास चालणारी अंतर्गत बॅटरी यांचा समावेश आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे यंत्र आवश्यक झाले आणि पुढे धोकादायक मालाच्या वाहतुकीकडेही या सक्तीचा विस्तार झाला. सर्वसाधारण मालट्रकमध्ये मात्र या यंत्राचा प्रसार मुख्यतः मालकांच्या आणि माल पाठविणाऱ्या कंपन्यांच्या गरजेतून झाला. म्हणूनच त्याची रचना मालकाच्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी आहे. चालकाच्या प्रश्नांसाठी नाही.

५. थांबलेल्या वेळेचे गणित

स्थाननिश्चितीचे यंत्र घेतल्यानंतर मालकाचे लक्ष सर्वप्रथम वेगाकडे जाते. गाडी हळू का, वाटेत थांबली का, असे प्रश्न विचारले जातात. प्रत्यक्षात उत्पन्नाचा मोठा भाग अन्यत्र बुडतो. हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल.

समजा, एक ट्रक सोलापूरहून मुंबईस माल नेतो आणि परतीचे भाडे घेऊन सोलापुरास येतो. जाण्यायेण्याचे अंतर ८०० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरल्यास प्रत्यक्ष वाहन चालविण्यास २० तास लागतील. एका चालकाने दररोज ८ तास गाडी चालविली तर हे काम अडीच दिवसांचे होते. गाडी दोनदा भरावी लागते आणि दोनदा खाली करावी लागते. या चार ठिकाणी प्रत्येकी १२ तास मोडले, तर ४८ तास म्हणजे दोन दिवस जातात. एक फेरी साडेचार दिवसांची झाली. २७ दिवसांत अशा ६ फेऱ्या होतात.

आता सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर केला असे मानू. वाहन चालविण्याचा काळ सुमारे १७.८ तासांवर, म्हणजे साधारण २.२ दिवसांवर येईल. एक फेरी ४.२ दिवसांची होईल. तरीही २७ दिवसांत पूर्ण फेऱ्या ६ च होतील. याउलट वेग ४० च ठेवून चार ठिकाणची प्रतीक्षा निम्म्यावर आणली, तर एक फेरी साडेतीन दिवसांची होईल आणि २७ दिवसांत ७ फेऱ्या पूर्ण होऊन अडीच दिवस शिल्लक राहतील. हे दिवस गाडीच्या देखभालीस आणि चालकाच्या घरी जाण्यास उपयोगी पडू शकतात.

उदाहरणातील आकडे बदलता येतील, परंतु त्यातून निघणारे तत्त्व बदलत नाही. वेग वाढविल्याने अपघाताचा आणि इंधनाचा खर्च वाढतो, उत्पन्न मात्र फारसे वाढत नाही. प्रतीक्षा कमी केल्याने दोन्ही बाजूंनी लाभ होतो. ही प्रतीक्षा कमी करण्याचे साधन म्हणजे वेळेवर दिलेला निरोप होय. माल केव्हा तयार होईल, काट्यावर किती गाड्या आहेत, गोदामात हमाल उपलब्ध आहेत काय, हे चालकाला निघण्यापूर्वी कळले तर तो दारात उभा राहण्याऐवजी विश्रांती घेऊन निघू शकतो. ऊस वाहतुकीत तोडणीचे वेळापत्रक आणि कारखान्याच्या आवारातील रांग यांची सांगड अशाच निरोपाने घालता येते.

प्रतीक्षेची नोंद आणखी एका कारणाने मोलाची आहे. माल वेळेवर भरला अथवा उतरविला गेला नाही तर हॉल्टिंग मागण्याचा प्रघात व्यवसायात आहे. परंतु गाडी केव्हा आली यावरच वाद होतो आणि लहान मालक बहुधा माघार घेतो. सीमारेषेची स्वयंचलित नोंद हा वाद मिटवू शकते. जे यंत्र चालकाच्या उशिराची साक्ष देते तेच त्याच्यावर लादलेल्या प्रतीक्षेचीही साक्ष देते. ती साक्ष वापरली जाते किंवा नाही, हे मात्र यंत्रावर नव्हे, मालकावर अवलंबून आहे.

६. कागदपत्रांची मुदत आणि संपर्क

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्यानंतर १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस आणि २५ मे २०१८ पासून महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. या बिलाची मुदत अंतरावर ठरते. आरंभी १०० किलोमीटरला एक दिवस असे प्रमाण होते. १ जानेवारी २०२१ पासून ते सर्वसाधारण मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस असे झाले. सोलापूर ते मुंबई या सुमारे ४०० किलोमीटर अंतराला पूर्वी चार दिवस मिळत, ते आता दोन झाले.

येथे संपर्काचे महत्त्व कायदेशीर स्वरूप धारण करते. गाडी वाटेत नादुरुस्त झाली अथवा मार्ग बंद झाला, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत मुदतवाढ घ्यावी लागते. माल दुसऱ्या गाडीत चढविला तर बिलात नव्या वाहनाचा क्रमांक नोंदवावा लागतो. हे काम कार्यालयातील व्यक्ती करते. परंतु त्याची आवश्यकता प्रथम चालकाला कळते. चालकाने निरोप दिला नाही, किंवा दिलेला निरोप दलालाच्या फोनवर अडला, तर दंडाचा प्रसंग ओढवतो. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाल्याने पुणे मार्गावरील सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस यांसारख्या टोलनाक्यांवरून गेलेल्या गाडीची वेळ आपोआप नोंदली जाते, आणि ई-वे बिल प्रणाली या नोंदींशी जोडलेली आहे. म्हणजेच गाडीची हालचाल शासनाला ज्ञात असते. ती का थांबली हे मात्र चालकाने सांगितल्यावाचून कोणालाच कळत नाही.

७. चालकाचे लक्ष आणि रस्ता सुरक्षा

संपर्काचा लाभ मान्य करतानाच त्याची किंमतही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यावसायिक वाहनांच्या २०३ चालकांचे प्रत्यक्ष वाहन चालविताना चित्रीकरण करण्यात आले होते. सुमारे ३० लाख मैलांच्या या प्रवासातील अपघात व अपघातसदृश प्रसंगांचे विश्लेषण केले असता, फोनवर लेखी संदेश लिहिणाऱ्या मालट्रकचालकाला अशा प्रसंगाचा धोका सुमारे २३ पट आढळला. त्याहून विचार करण्याजोगी बाब अशी की, कार्यालयाशी संपर्कासाठी केबिनमध्ये बसविलेल्या यंत्राकडे पाहणे अथवा ते हाताळणे यांमुळेही धोका जवळजवळ १० पट वाढलेला दिसला. म्हणजे व्यवसायाच्या सोयीसाठी मालकाने दिलेले साधन हेही धोक्याचे कारण ठरू शकते.

या अभ्यासात संदेश लिहिताना सहा सेकंदांच्या कालावधीत चालकाची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावरून हटलेली आढळली. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा भरलेला ट्रक तेवढ्या वेळात सुमारे ७७ मीटर अंतर न पाहता कापतो. ज्या महामार्गावर दुचाकी, उसाच्या ट्रॉल्या आणि रस्ता ओलांडणारी जनावरे एकत्र असतात, तेथे ७७ मीटरचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतीय कायद्यानेही याची दखल घेतली आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हातात धरून संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्यात गणले गेले. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२० मध्ये नियमांत बदल करून केवळ मार्गदर्शनासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, साधन वापरण्यास मुभा देण्यात आली. यात शिक्षा चालकाला होते. परंतु धावत्या गाडीत फोन वाजतो तेव्हा दुसऱ्या टोकाला बहुधा मालक, दलाल किंवा माल घेणारा व्यापारी असतो. न उचलल्यास पुढचे भाडे जाईल ही भीती चालकाला असते. दोष दोघांचा आणि दंड एकाला, ही विसंगती केवळ कायद्याने दूर होणारी नाही. कार्यालयाच्या शिस्तीनेच ती दूर होऊ शकते.

थकव्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला. १९६१ च्या कायद्याच्या दोन बाबी लक्षणीय आहेत. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता; म्हणजे एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. तसेच थांब्यावरील केवळ हजेरीचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच तो कामाच्या तासांत धरला जाई. गोदामाच्या दारात बारा तास ताटकळलेला चालक कायद्याच्या दृष्टीने जणू कामावर नव्हताच, आणि त्यानंतर त्याने रात्रभर गाडी चालविणे अपेक्षित होते. वाहनस्थ यंत्र हे न मोजलेले तास मोजू शकते. युरोपीय संघात २००६ पासून नव्या मालवाहनांत डिजिटल टॅकोग्राफ आणि अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे करण्यात आले, ते मुख्यतः चालकाच्या कामाचे तास मोजण्यासाठी. आपल्याकडे तेच तंत्रज्ञान मुख्यतः माल आणि डिझेल मोजण्यासाठी वापरले जाते.

८. पाळत, संमती आणि संरक्षण

भाड्याने घेतलेल्या गाडीत माल पाठविणाऱ्या कंपनीचे यंत्र नसते. अशा वेळी चालकाच्या सिम कार्डावरून, भ्रमणध्वनी मनोऱ्यांच्या आधारे, त्याचे स्थान शोधण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यासाठी चालकाची संमती संदेशाद्वारे अथवा फोनद्वारे घेतली जाते. येथे वाहनाचा नव्हे, तर व्यक्तीचा माग घेतला जातो, हा भेद मूलभूत आहे. गाडी खाली झाली तरी फोन चालकाच्याच खिशात राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने संमती ही विशिष्ट हेतूपुरती आणि मागे घेता येण्याजोगी असावी असे तत्त्व मांडले. या दृष्टीने चालकाकडून घेतलेली संमती त्या फेरीपुरतीच असणे आणि माल उतरताच माग थांबणे उचित ठरते. ‘हो’ म्हटल्याशिवाय माल मिळत नसेल, तर ती संमती कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न उरतोच.

तथापि, नोंद ही केवळ चालकाच्या विरुद्धच असते असेही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करण्यात आली. तिच्या विरोधात जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभरातील चालकांनी काम बंद केले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली तेव्हा हे पोटकलम वगळण्यात आले होते. जमावाच्या भीतीने घटनास्थळ सोडावे लागते, ही चालकांची मुख्य व्यथा होती. आणीबाणीची कळ दाबल्याची वेळ आणि स्थान नोंदले गेले, तर ‘कळविले होते’ हे सिद्ध करण्याचे साधन चालकाच्या हाती येते. पाळतीचे यंत्र संरक्षणाचे यंत्र होऊ शकते, ते अशा ठिकाणी.

९. उपयोगाची तत्त्वे

उपरोक्त विवेचनावरून लहान व मध्यम वाहनमालकांना अनुसरता येतील अशी काही तत्त्वे मांडता येतात.

(१) चाक फिरत असताना चालकाकडून उत्तराची अपेक्षा करू नये. गाडी थांबल्याचे पडद्यावर दिसते. फोन तेव्हाच करावा. स्थाननिश्चितीचा हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपयोग होय.

(२) नेहमीच्या निरोपांसाठी ‘गाडी भरली’, ‘गाडी खाली झाली’, ‘रांगेत आहे’, ‘बिघाड’, ‘विश्रांती’ असे मोजके साचे ठरवावेत. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि हिंदी बोलणारे चालक आहेत. इंग्रजी पडद्यापेक्षा चालकाच्या भाषेतील ध्वनिमुद्रित निरोप किंवा चित्रांकित कळ अधिक उपयुक्त ठरते.

(३) प्रत्येक फेरीनंतर वेगाच्या तक्त्याआधी प्रतीक्षेचा तक्ता पाहावा आणि हॉल्टिंगच्या मागणीसोबत तो जोडावा.

(४) प्रतीक्षेचे तास धरून चालकाचा जागरणाचा काळ मोजावा आणि पुढील फेरीची वेळ त्यानुसार ठरवावी.

(५) चालकाला त्याच्या स्वतःच्या नोंदी पाहण्याची मुभा असावी. आरोप करण्यापूर्वी यंत्राची नोंद आणि चालकाचे स्पष्टीकरण दोन्ही समोर ठेवावीत.

यांपैकी कोणत्याही तत्त्वासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. असलेल्या यंत्राकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलावी लागते.

१०. समारोप

एसटीडी बूथच्या काळात चालक बोलत असे आणि मालक वाट पाहत असे. आज मालक पाहत असतो आणि चालकाने केवळ उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. तंत्रज्ञानाने अंतर मिटविले, परंतु संवादाची दिशा उलटी केली. मालवाहतुकीचे प्रश्न, म्हणजे रिकामी फेरी, दारातील प्रतीक्षा, मुदत संपलेला कागद आणि थकलेला चालक, हे एकेरी माहितीने सुटणारे नाहीत. कारण त्यांची पहिली खबर चालकालाच असते. वाहनस्थ संपर्क तंत्रज्ञानाचे यश मोजावयाचे झाल्यास ते पडद्यावरील ठिपक्यांच्या संख्येने न मोजता, चालकाच्या निरोपामुळे कार्यालयातील किती निर्णय बदलले यावरून मोजले पाहिजे.

सोलापूर परिसरातील महाविद्यालयांना या विषयात अभ्यासाचे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. वाणिज्य विभागास प्रतीक्षेच्या खर्चाचे, संगणकशास्त्र विभागास स्थानिक भाषांतील संदेशप्रणालीचे, मानसशास्त्र विभागास थकवा व अवधानाचे आणि विधी शाखेस संमतीच्या स्वरूपाचे अध्ययन आपल्याच शहरातील ट्रान्सपोर्ट कार्यालयांत आणि बाजार समितीच्या आवारात करता येईल. अशा अध्ययनात गाडीच्या नोंदींइतकेच चालकाच्या कथनालाही स्थान मिळाले, तर त्याचे निष्कर्ष व्यवसायाला आणि समाजाला सारखेच उपयुक्त ठरतील.